गिरधरभाईंची लाखेची गोळी

दवाखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत. रोगी औषध घेऊन जातो आणि जाताना एखादी गोष्ट ठेवून जातो, इतकंच! मी साठच्या दशकात शहाद्याच्या एका छोट्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून लागले, तेव्हा घरी सांगून आले होते, "थोडा अनुभव घेते आणि पुण्याला परत येते." राहिले ती राहिलेच. आता चार जुनी माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "बाई, ती गोळीची गोष्ट सांगा ना!" पण ती एक गोष्ट नाही, हीच तर पंचाईत आहे. एक ओढली की मागून दुसरी येते.

आधी माणसं सांगते. दवाखाना गिरधरभाईंचा. तापीकाठच्या गुजर शेतकरी घरातले, मुंबईला शिकलेले, उंच, आवाज खर्जातला. सगळा तालुका त्यांना गिरधरभाईच म्हणे. मी मात्र 'सर' म्हणायची. दुसरे उखाजी कंपाउंडर. बोलणं पक्कं अहिराणी, आणि जिभेला हाड नाही. तिसरी मी. पलंग मोजकेच. एक्स-रे काढायचा तर धुळं गाठायचं.

*

आमच्याकडे आव फार. आणि त्यावरची ती जुनी एमेटीनची गोळी म्हणजे एक संकटच. दुखणं मोठ्या आतड्यात, पण गोळी जठरातच फुटायची आणि रोगी भडाभडा ओकायचा. गिरधरभाई चिडून म्हणायचे, "घर जळतंय खालच्या गल्लीत, आणि आपण पाणी ओततोय वेशीवर! असं औषध काय कामाचं?"

कंपनीच्या आवरणवाल्या गोळ्या आमच्यापर्यंत पोचत नसत. पोचल्या तर परवडत नसत. भाईंनी कुठंसं वाचलं होतं की लाखेचं आवरण दिलं तर गोळी जठरात टिकते आणि पुढे आतड्यात जाऊन विरघळते. झालं! त्यांनी उखाजींना फर्मावलं, "लाख आणा."

उखाजी गेले आणि तासाभरात लाख घेऊन आले. लाल कांड्या. पोस्टात पार्सलवर सील मारतात ती!

भाईंना वाटलं, लाख ती लाख. स्पिरिटमध्ये विरघळवली, गोळ्या घोळवल्या, सुपात वाळवल्या. लालचुटुक दिसल्या. पहिलीच गोळी हातात घेऊन एका म्हाताऱ्यानं ती उलटसुलट केली, हुंगली आणि विचारलं, "भाई, हाई गोई शे का पार्सल शे?"

भाईंनी ती गोळी हसत हसत परत घेतली आणि सगळं सूप उकिरड्यावर रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः सुताराच्या दारात उभे होते. पॉलिशची चपडी लाख कशी धुतात, कशी गाळतात, हे शिकायला!

*

आता गोळी झाली, पण ती फुटते कुठं हे कसं कळणार? पोटाला काही खिडकी नाही.

भाईंनी युक्ती काढली. गोळीत औषधाऐवजी मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग भरायचा. गोळी आतड्यात फुटली की रंग रक्तात जाणार आणि लघवी हिरवी-निळी होणार. लवकर झाली तर गोळी वरच फुटली. उशिरा झाली तर खाली. सोपं!

"घेणार कोण?" मी विचारलं.

"मी आणि उखाजी," भाई म्हणाले. उखाजींना हे तेव्हाच कळलं.

दोघांनी दवाखान्यात गोळ्या गिळल्या. भाईंचा निकाल झकास लागला. उखाजींचा रंग मात्र संध्याकाळपर्यंत उतरलाच नाही. कंटाळून घरी गेले आणि रंगाचं विसरून गेले. सकाळी परसात त्यांच्या बायकोनं जे पाहिलं, त्यानंतर गल्लीत एकच आरडाओरडा झाला. शेजारणी धावल्या. कुणी म्हणालं साप चावला, कुणी म्हणालं कुणी काही खाऊ घातलं.

थोड्या वेळानं त्या बाई उखाजींना हाताला धरून दवाखान्यात आल्या आणि भाईंसमोर उभ्या राहिल्या. "भाई, खरं सांगा! यासले तुम्ही कंपाउंडर ठेयेल शे का रंगारी?"

उखाजी मागून हळूच म्हणाले, "पन भाई, गोई खाले फुटनी, बरं का!"

*

तिसरी गोष्ट तोरणमाळकडच्या एका पावरा आदिवासी आजोबांची. डोंगरातून चालत यायचे. आवेनं पार वाळले होते. भाईंनी त्यांना नव्या गोळ्या दिल्या, आख्ख्या गिळा म्हणून सांगितलं, आणि पुढच्या बाजाराला यायला सांगितलं.

आजोबा आले. चेहरा प्रसन्न. कंबरेच्या पटक्यातून सागाच्या पानाची पुडी काढली आणि टेबलावर अलगद उघडली. आत आमच्याच गोळ्या! गुळगुळीत, चकचकीत.

"घेतल्या नाहीत?" मी जरा रागानंच विचारलं.

"घेतल्या तर!" आजोबा मोडक्या मराठीत म्हणाले. "सगळ्या घेतल्या. सगळ्या बाहेर आल्या. झऱ्यावर धुतल्या. अजून चांगल्या हायेत. दुसऱ्याला द्या."

उखाजी आत पळाले, हसायला. मी टेबलापासून जरा मागे सरकले. भाईंनी मात्र ती पुडी पुढे ओढली, भिंगातून एक एक गोळी पाहिली आणि आजोबांना हात जोडले. "बाबा, तुमच्याएवढं खरं मला कुणी सांगितलं नाही. लाखेचा थर जाड झाला."

त्या दिवसापासून थर पातळ. आजोबांना तिथंच पलंगावर ठेवून घेतलं आणि नव्या गोळ्यांनी ते बरे होऊन डोंगरात परत गेले. जाताना उखाजींनी त्यांना विचारलं, "बाबा, या टाइमले काही परत आनं नही?"

*

इथपर्यंत हसण्याचं झालं. आता कळसाडीच्या जमनाबाईंचं ऐका.

जमनाबाई पन्नाशीच्या. कपाशी आणि उसाचं शेत, नवरा लोटनआप्पा भला माणूस, पण बायकोला विचारल्याशिवाय बैल पाण्यावर न नेणारा. जमनाबाईंना बरेच दिवस शौचातून रक्त जात होतं. दोन-तीन ठिकाणी आव म्हणून इंजेक्शनं झाली होती. भाईंनीही आधी आपल्या गोळ्या दिल्या. रक्त थांबलं नाही.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, औषध लागू पडत नाही, आणखी द्या. भाई खुर्चीत ताठ बसले. "बाई, आपली गोळी आता आतड्यात पोचते, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे ना?"

"हो."

"औषध पोचलंय आणि तरी रक्त जातंय. म्हणजे ही आव नाहीच!"

इतके दिवस आम्ही गोळीचा माग काढत होतो. त्या दिवशी त्या गोळीनंच आम्हाला दुसरी वाट दाखवली.

तपासायचं होतं. जमनाबाई पुरुष डॉक्टरला हात लावू देईनात. मग मी हातमोजा घातला. बोटाच्या टोकाला काही लागलं नाही, रक्त मात्र आलं. मग भाईंची ती सरळ, लांब नळी, टोकाला दिवा असलेली. ती मीच घातली आणि आत पाहिलं. आतड्याच्या भिंतीवर फुलकोबीसारखी गाठ.

मी काही बोलायच्या आधी जमनाबाई म्हणाल्या, "सापडनं ना काहीतरी? मंग बरं व्हयनं. आतेलोंग कोनले सापडतच नव्हतं."

भाईंनी लोटनआप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, कॅन्सर दिसतोय, मुंबईला ऑपरेशन करावं लागेल, उशीर नको. आप्पा गांगरले. म्हणाले, "भाई, येचनी चालू शे. कापूस घरमा इऊ द्या, मंग जाऊत."

जमनाबाई पडद्यामागं साडी नेसत होत्या. तिथूनच आवाज आला, "कापूस पुढला सालले बी येस. मी येसू का?"

दोन दिवसांनी आम्ही नंदुरबारच्या स्टेशनवर होतो.

*

सुरतेला गाडी बदलून मुंबई. भाई, मी, जमनाबाई आणि आप्पा. बाईंच्या गाठोड्यात घरचा स्वच्छ कापूस खच्चून भरलेला. "दवाखानामा कापूस लागसच ना? मंग इकत कसाले लेवाना?"

तिथले मोठे सर्जन फार नामांकित. बोलणं थोडं, तेही निम्मं इंग्रजीत. त्यांनी सगळं तपासलं आणि ऑपरेशनची तारीख दिली. आम्ही उठणार, तेवढ्यात भाईंनी खिशातून बाटली काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. आमच्या गोळ्या!

"काय आहे हे?"

"लाखेची गोळी. जठरात फुटत नाही, आतड्यात फुटते. पाहून घेतलंय. तुमच्याकडे कॅन्सरवरचं ते नवीन औषध आलंय म्हणतात. शिरेतून दिलं की सगळ्या अंगभर फिरतं, तोंड येतं, केस जातात, रक्त कमी होतं. मग ते अशा गोळीत भरून थेट आतड्यातच सोडलं तर?"

सर्जननी एक गोळी बोटांत धरली, उजेडात पाहिली. मला वाटलं आता हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "डॉक्टर, तुमचा विचार चुकीचा नाही. पण हे औषध शिरेतून देतानासुद्धा अजून आमचे हात कापतात. किती सुटेल, कुठं सुटेल, आतड्याला जखम होईल का, कुणालाच माहीत नाही. याला वेळ लागेल. कदाचित आपल्या हयातीत नाही."

भाईंनी बाटलीला बूच लावलं. "चालेल. तोवर मी गोळी पक्की करून ठेवतो."

*

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण यकृताच्या कडेला एक डाग सापडला. तोही सर्जननी काढला. मात्र म्हणाले की यकृतात आणखी बारीक काही असेल तर सांगता येत नाही. म्हणून यकृताकडे जाणाऱ्या धमनीत त्यांनी बारीक नळी ठेवली होती. त्या नळीतून नवं औषध थेंबाथेंबानं थेट यकृतात सोडायचं. तेव्हा ही गोष्ट अगदी नवी होती. इंटर्न मुलं दारात गर्दी करून बघत.

सर्जन जमनाबाईंना समजावू लागले. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, "म्हंजे पाटनं पानी एकच वाफामा सोडतस, तसं?"

"अगदी तसंच," मी म्हणाले.

"आनि पाट फुटना ते?"

मी सर्जनना सांगितलं की नळी सरकली किंवा फुटली तर काय, असं त्या विचारताहेत. तो प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर चांगलं नव्हतं. औषध भलतीकडं गेलं तर जठराला जखम, रक्तस्राव, काहीही.

सर्जन म्हणाले, "बाई, त्यासाठीच तर मी इथं उभा आहे."

जमनाबाईंनी उशीवर डोकं टेकवलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मंग उभा ऱ्हाय. जाऊ नको."

एवढा मोठा माणूस! त्याला कुणी असं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. सिस्टर घाबरून माझ्याकडं बघू लागली. सर्जननी घड्याळ काढून खिशात टाकलं, भिंतीला पाठ लावली आणि पहिली बाटली संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. चहासुद्धा तिथंच उभ्यानं प्यायले!

*

जमनाबाई घरी आल्या. पोटाच्या डाव्या बाजूला शौचाची नवी वाट होती. त्यावर घरच्या कापसाची गादी आणि वरून पट्टा. तोंड आलं, केस विरळ झाले, भाकरी जाईना. तरी पुढची इंजेक्शनं शिरेतून घ्यायची होती आणि ती शहाद्यालाच द्यायची असं ठरलं. औषध मुंबईहून यायचं, उखाजी नंदुरबारला जाऊन घेऊन यायचे.

एकदा नेमका तापीला पूर आला. उखाजी पलीकडं, औषध त्यांच्यापाशी, आणि मधला रस्ता पाण्याखाली. आम्ही अलीकडच्या काठावर, प्रकाशा गावाशी. जमनाबाईही बैलगाडीत बसून आल्या होत्या. नको म्हटलं तरी! "आते माले बठी ऱ्हावाना कटाया उना," म्हणाल्या.

पलीकडून उखाजी डोक्यावर खोकं धरून हातवारे करत होते. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येईना. शेवटी वारा फिरला आणि आवाज पोचला, "भाई! औषध बराबर शे! नदी चुकीनी जागावर शे!"

होडी बंद होती. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरू लागलं, तेव्हा भोई लोकांनी आधी नको म्हटलं, मग काठावर बसून राहिलेल्या जमनाबाईंकडं पाहिलं आणि होडी सोडली. उखाजींना पोहता येत नव्हतं, हे त्यांनी अलीकडं उतरल्यावर सांगितलं.

त्या दिवशी इंजेक्शन बैलगाडीतच दिलं. बाटली लटकवायला गाडीच्या दांडीला काठी बांधली. लोटनआप्पा बैलांच्या कानात सारखं पुटपुटत होते, "हालू नका रे, हालू नका." बैल हलले नाहीत. आप्पाच थरथरत होते.

*

सगळ्यांच्या गोष्टी अशा संपल्या नाहीत. म्हसावदचे एक शिक्षक होते, सज्जन आणि अबोल. मूळव्याध समजून फार उशिरा आले. मुंबईला पोट उघडलं आणि तसंच शिवलं. घरी आल्यावर भाई रोज संध्याकाळी त्यांच्याकडं जाऊन बसत. जवळ द्यायला काही नव्हतं. शेवटच्या भेटीत मास्तर म्हणाले, "भाई, ती गोळी पक्की होईल तेव्हा होईल, आधी मूळव्याधवाल्यांना तपासा."

भाईंनी दुसऱ्या दिवशीपासून तेच केलं. रक्त जातं म्हणणारा माणूस तपासल्याशिवाय दवाखान्यातून जाऊ द्यायचा नाही! पाटील असो की मजूर. लोक लाजत, चिडत, पळत. एक व्यापारी तर टेबलावरून उठून एक चप्पल टाकून गेला. भाईंनी ती चप्पल त्याच्या दुकानात पोचवली, आणि तिथंच गल्ल्याशेजारी उभं राहून खड्या आवाजात विचारलं, "शेठ, तपासायला कधी येता?" शेठ त्याच दुपारी आले!

आणि जमनाबाई? त्या बऱ्या झाल्या, कपाशीत परत उभ्या राहिल्या. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात येऊन नव्या रोग्यांना धीर द्यायच्या. ऑपरेशनला घाबरलेल्या बायकांना आत नेऊन पट्टा सोडून दाखवायच्या. "दख. इतलंच शे. मरन याच्यापेक्षा मोठं ऱ्हास."

*

आता शेवटची. गिरधरभाईंनाही तोच रोग झाला होता, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. लवकर सापडला म्हणून ऑपरेशनवर भागलं, आणि पुढे ते कितीतरी वर्षं त्याच खुर्चीत बसले. पण सापडला कसा, ते ऐका.

बाजाराचा दिवस. अंगणात ही गर्दी! भाई रोगी बघून उठले आणि उठताना त्यांनी टेबलाची कड धरली. मी पाहिलं नाही. उखाजींनी पाहिलं नाही. बाकावर बसलेल्या जमनाबाईंनी पाहिलं.

"भाऊ, तुले काय व्हयनं?"

"काही नाही."

"कंबरना पट्टाले नवं भोक पाडेल शे. वाळेल शे तू. रगत जास का?"

भाई दचकले. मग हळूच म्हणाले, "थोडंसं. मूळव्याध आहे, जुनी."

"कोनी दखी?"

भाईंनी टेबलावरचे कागद सारखे केले.

"कोनी दखी, ते सांग!"

"जमनाबाई, मी डॉक्टर आहे. मला कळतं ना."

"तुन्हा डोया मांगे शेतस का?"

मी हसले नाही. हसायला सुचलंच नाही. भाई आत गेले, आतल्या दारानं मागं गेले. त्यांची मोटरसायकल मागं असायची. तिथं उंबऱ्यावर उखाजी बसले होते, पाय पसरून.

"उखाजी, उठा. मला जायचंय."

"मी नही उठाव, भाई."

इतक्या वर्षांत उखाजींनी त्यांना नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. भाईंनी गाडीची किल्ली परत खिशात टाकली. मग वळले, तपासणीच्या खोलीत आले आणि टेबलावर आडवे झाले. कुशीवर, भिंतीकडं तोंड करून.

मी हातमोजा घालत होते आणि माझी बोटं त्यात जाईनात. "सर…"

"बाई, मी रोगी आहे. बोलू नका, काम करा."

जमनाबाई त्यांच्या डोक्याशी बसल्या आणि त्यांनी भाईंचा हात हातात घेतला. तेवढ्यात माझं लक्ष खिडकीकडं गेलं. पडदा धुवायला गेला होता. बाहेर अख्खं अंगण भरलेलं. कुणीतरी आत पाहिलं असावं. कुणी काही बोललं नाही. पहिल्यांदा एक म्हातारा उठला, खिडकीला पाठ करून उभा राहिला आणि त्यानं खांद्यावरची घोंगडी दोन्ही हातांनी पसरून धरली. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग बायका, पदर ताणून. मग सगळे. बसलेले, झोपलेले, सलाईन लावलेलेसुद्धा. रस्त्यापर्यंत नुसत्या पाठीच पाठी.

बाजाराचा दिवस, आणि टाचणी पडली तर ऐकू यावी!

भाई भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, "उखाजी, बाहेर एवढं शांत का आहे? रोगी गेले का?"

मागोमाग आत आलेल्या उखाजींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. उपरण्यानं तोंड पुसलं.

"नही भाई," ते म्हणाले. "आज बाजार भरना नही."